आधी बोयट, मग जिताडा

समुद्रापासून दूर, हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, टी. टी. नगरच्या मासळीबाजारात दर रविवारी मला एक बाई दिसायच्या. प्रत्येक माशाचा कल्ला उचलायच्या, वास घ्यायच्या आणि मासा जागेवर ठेवून म्हणायच्या, "आज नको." विकणारा हसायचा, "माँजी, कभी तो ले जाओ!" पण तळ्यातला रोहू त्यांच्या खिजगणतीतच नव्हता.

मी मराठीत बोललो, तसा त्यांचा चेहरा खुलला. गाव रायगडात, खाडीकाठी. मुलगा इथे अवधपुरीत, इंजिनिअर. भराव घालून खाडी मारली, मासळी संपली, तेव्हा घराला कुलूप लावून त्या त्याच्याकडे आल्या होत्या.

एका रविवारी त्यांनी मोबाईलच माझ्या नाकासमोर धरला. फोटोत त्यांच्या दिराच्या हातात भला मोठा मासा.

"जिताडा! आमच्या खाडीतला!"

गावानं भराव फोडून भरतीचं पाणी आत घेतलं होतं, तिवरांची खारफुटी पुन्हा लावली होती.

"आधी बोयटं आली. तो मासा चिखल चाटूनही जगतो, त्याचं काय कौतुक! मग कोळंबी आली, बारकी मासळी आली. जिताडा त्यांच्यावर जगतो. तो आला म्हणजे खाडीचं घर भरलं, भाऊ."

"मग तुम्ही निघालात?"

"बुधवारी."

"आणि मुलगा?"

त्यांनी सवयीनं समोरच्या रोहूचा कल्ला उचलला, पुन्हा ठेवला आणि खुदकन हसल्या.

"तो आमचा जिताडा. घर भरलेलं दिसल्याशिवाय यायचा नाही. मी बोयट, मी पुढे जाते."