जाळं घरी ठेव म्हटलं म्या

हे म्या अजून कोनालेच नाई सांगतलं. नवऱ्यालेबी नाई, मायलेबी नाई. आता सांगून राहिली तं मंधामंधात मांगं वळून पाहून राहिली — फुलाबाई भिंतीआड उभी तं नसन?

फुलाबाई माही मोठी जाऊ. एकच आंगन आमचं. ती दुसरीपावतर शिकली, मी आठवी नापास. पन जाळं मांडीवर घेतलं का तिचं तोंड सुटे. जाळ्याच्या एका एका घरातून बोट फिरवे, न् कोनत्या घरात कोनता मासा अडकते, बारीक जाळ्यात पिल्लंच कशी मरतात, हसत हसत सांगे. आमच्या बचत गटातल्या बाया तिच्याच दारच्या सपरीत बसत. माह्या नाई. मले वाटे, हे मुद्दाम करते. अध्यक्ष व्हाचं आहे इले.

मंग गावचा तलाव मासेमारीसाठी आमच्या गटाले मागाचा होता. लाखांदूरले तहसिलीत साहेबाइपुढं एकीनं बोलाचं. बायाइनं तिलेच निवडलं.

ती माह्याकडं आली. म्हने, कसं बोलू? जाळं हातात धरून मनानं बोलू, का पाठ करू, का कागद वाचू? तू शिकलेली, तूच सांग.

तिले खरंच समजत नोहतं? का मले पारखून पाहे?

मले तं माहीत होतं ना. तरी म्या म्हटलं, "बाई, जाळं घरी ठेव. साहेब हसतीन. कागदच वाच."

न् कागद म्याच लिवून देल्ला. पुस्तकातले मोठे मोठे शब्द — शोधून शोधून. भेव वाटे, पन हात थांबला नाई.

ती उभी राहिली न् 'उदरनिर्वाह'वरच अडकली. बोट कागदावर फिरे, पन तिथं घरं कुठं होती? मागचे लोकं हसले. साहेब म्हने, ठीक आहे, बसा. पुढं तलाव ठेकेदाराले गेला. त्याचं जाळं बारीक.

येतानी एसटीत ती म्हने, "माहीच जीभ जड, सविता. तुनं तं चांगलं लिवलं होतं."

हे मनापासून म्हटलं का तिनं? तवापासून मी तिचं तोंड पाहून राहिली — काही समजत नाई.

परवा माह्या पोरीले शाळेत भाषन होतं. ती मोठ्या मायले विचाराले गेली, कसं बोलू म्हनून. फुलाबाईनं जाळं विनता विनता मान वर नाई केली.

"तुह्या मायले विचार. तिले समजते."

पोरगी माह्याकडं पाहून राहिली. मी चूल फुंकत बसली.

म्या जानून केलं. अध्यक्ष आता मीच आहे. फुलाबाई बैठकीत मागं बसते — हात रिकामे, तोंड बंद.