कोरडी मोटार

हृदय म्हणजे पंप, असं ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याला माझ्या वडिलांसमोर आणून बसवायला हवं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढते, आणि हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, देवळाली प्रवरात मोटारी भरायचं दुकान होतं. उसाचा पट्टा, विहिरीवरच्या मोटारी सतत जळायच्या. जळकी तार उचकटून नवी तांब्याची तार भरताना आण्णा मालकाला एकच विचारायचे, "पानी हुतं का विहिरीत?" नव्हतं, हे त्यांना आधीच कळलेलं असायचं. पाणी तुटलं की मोटार हलकी होते, सुसाट पळते आणि जळते. मोटार कोरडी चालवू नका, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं.

मग त्यांनाच चालताना धाप लागायला लागली. नगरच्या डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. "काका, हार्ट म्हणजे पंपच समजा. तुमचं पंपिंग कमी झालंय."

आण्णा उठून बसले. उघडमीट करणाऱ्या झडपांकडे बोट करून म्हणाले, "हे व्हॉल का? आन लाईट कुठून येती ह्याला?"

डॉक्टर हसले. हृदयाच्या उजव्या बाजूला वर एक बारीकशी गाठ असते, ती आपली आपण ठिणगी पाडते, म्हणाले. ठिणगी खाली उतरते तसे आधी वरचे कप्पे आवळतात, मग खालचे. मेंदू फक्त जोरात किंवा हळू एवढंच सांगतो.

"म्हंजी स्टार्टर आतच!" आण्णा खूष झाले. आजारी माणूस इतका खूष झालेला मी दुसरा पाहिला नाही. पंप अशक्त झाला की शरीर भरपाई म्हणून त्याला जास्त पळवतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, मीठ कमी, पाणी मोजून, दिवसाला लिटरभर. आण्णांचा चेहरा उतरला.

आई रोज सकाळी बाटली भरून द्यायची. तेवढंच पाणी, तरी पायाची सूज हटेना. चपलेत पाऊल जाईना. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि आमच्याकडेच संशयानं पाहिलं.

एका सुट्टीच्या दिवशी मी दुकानात गेले. आण्णा स्टुलावर बसले होते, मनगटावर बोटं, डोळे मिटलेले. मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे तेव्हा असाच चेहरा असायचा. मग ते उठले, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि घटाघटा प्याले.

"आण्णा!"

"वरडू नगं. हात लाव हितं. पळती का न्हाई? पानी तुटलंय तिचं."

"ही विहिरीवरची मोटार नाही, आण्णा. तेच रक्त फिरून फिरून परत येतं. पंपाला पुढे ढकलवत नाही म्हणून मागे तुंबतं. पायात तुंबतं, छातीत तुंबतं. तुम्ही पिता ते पाणी त्यातच जातं."

ते विचारात पडले. शिरलं डोक्यात, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं.

"म्हंजी विहीर भरलीय, आन पंप अशक्त."

"हो!"

"मग भरल्या विहिरीनं मोटार जळाल्याली म्या तरी कदी पाह्यली न्हाई."

तो माठ उचलून रस्त्यावर फोडावा असं वाटलं. राग त्यांचा नव्हता. ज्या शहाणपणावर त्यांनी आम्हाला वाढवलं, तेच त्यांना मारत होतं आणि मला त्यात एक चूक दाखवता येत नव्हती.

माठ हलवला, तर ते चहाच्या टपरीवर पाणी प्यायचे. टपरीवाल्याला सांगितलं, तर शेजारच्या आळीत जायचे. दारात आलेल्या म्हाताऱ्याला पाणी नाही म्हणणारं घर आमच्याकडे सापडत नाही. किती दारांत जाऊन हात जोडणार? पुढे पुढे मीही थकले.

शेवटी नगरला दवाखान्यात ठेवलं. दुपारची वेळ होती. छातीला वायरी, पडद्यावर पळणारी रेघ, आणि पाणी पूर्ण बंद. आण्णांनी माझा हात ओढून छातीवर ठेवला. आतलं सगळं सैरावैरा धावत होतं.

"कोरडी चाललीय गं. जळंल. वाईच पानी दे."

मी ओला कापूस त्यांच्या ओठांवर फिरवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोटार जाळून आणणाऱ्या मालकाकडे ते असंच पाहायचे. मग भिंतीकडे तोंड केलं, ते परत वळवलंच नाही. संध्याकाळी ते गेले. मीच जाळली, असं समजून गेले.

घरी आणल्यावर आत्यानं फुलपात्रात पाणी घेऊन त्यात तुळशीचं पान टाकलं आणि माझ्या हातात पळी दिली. "पाज बाई, बापाला पानी पाज."

आता कुणी अडवत नव्हतं. मी पाजलं. पाणी आत गेलं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून मानेवर ओघळलं. मी पदरानं पुसलं आणि पुन्हा पळी भरली.