सैल सोडलेला हात

"हात सैल सोड गो बाय," म्हणत आमच्या मिठबावची कासारीण बाईची बोटं हलकेच दाबायची, आणि बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची. हात फारच गुबगुबीत निघाला तर विचारायची, "हाडां खंय ठेवलंस गो?" अशा कासारणी तुम्हीही पाहिल्या असतील. मी तिच्यासारखे हात दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत.

तिची एकुलती लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. ओटीभरणाला आईनेच तिला हिरव्या बांगड्या भरल्या. हातांवर सूज होती, म्हणून साबण लावून चढवल्या. "अंगान भरली आसा," म्हणत बायकांनी कौतुक केलं.

थोड्याच दिवसांत लेकीला झटके आले. आमच्या आरोग्य केंद्रात आणली तेव्हा रक्तदाब भलताच चढलेला होता. मी तिथली नर्स. सुई टोचायला जागा सापडेना, म्हणून त्या बांगड्या मीच फोडल्या. आई दाराबाहेर ऐकत बसली होती. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पोचेपर्यंत लेक गेली, पोटातलं बाळही गेलं.

दिवसकार्य आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. "साबण लावक नको होतो ना गो?"

मी समजावलं. रक्तवाहिनीला आतून नाजूक अस्तर असतं. गर्भाशयात बाळाला पोसणारी वार नीट रुजली नाही तर ते अस्तर दुखावतं. मग वाहिन्या आकसतात, दाब चढतो, पाणी बाहेर झिरपून अंग सुजतं.

"मडक्यासारखा पाझरता?"

"होय. काकी, तुझ्या साबणान काय झाला नाय."

"पण माझ्या हाताक कळाक होया होता."

त्यानंतर तिच्या पेटीत साबण दिसला नाही. गरोदर बाईचा हात अडला की ती बांगड्या गुंडाळून ठेवायची. "आधी सिस्टरकडे जा. दाब मोजून ये, मगे काकणां." भर ओटीभरणात हे ऐकून सासवा तिला अपशकुनी म्हणायच्या. पुष्कळींची सूज साधीच निघायची. दोघीतिघींची नव्हती, त्या वेळेवर ओरोसला गेल्या आणि बाळ घेऊन परतल्या. बारशाला तिला कुणी बोलावलं नाही. तिनेही कधी तक्रार केली नाही.

गेल्या वर्षी ती गेली. मला तिची फार आठवण येते. आता गावात नवी कासारीण येते, तरुण आणि बोलकी.

परवा सातव्या महिन्यातली एक मुलगी तपासायला आली. मनगटं हिरवीगार, बांगड्या गच्च रुतलेल्या. मी हातावर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला.

"काकणां भरताना दुखला नाय?"

"नाय गो सिस्टर. कासारणीन साबण लावल्यान, सुळकन गेली."

मी तिच्या दंडाला दाब मोजायचा पट्टा गुंडाळला. "हात सैल सोड गो बाय," मी म्हणाले.