करकरणारा ब्रेक

एरंडेलाचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली सव्वाशे सीसीची एक मोटारसायकल मी घेतली होती आणि तिच्यावरून कडावहून भिवपुरीला कामावर जायचो. दर रविवारी प्लग घासायचो, साखळी ताणायचो, नवा हॉर्नही बसवला होता. तिला खोड एकच, ब्रेक लावला की ती करकरायची. वडिलांचा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. चाक करकरतं म्हणजे मालक आळशी, असं त्यांचं ठाम मत. एका सकाळी ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी जास्तच खुशीत निघाली. वळणावर मी तिच्यासकट चिखलणी केलेल्या खाचरात गेलो. पाय मुरगळला, हॉर्न तेवढा चिखलातून वाजत राहिला. दोन्ही चाकांच्या ड्रममधून एरंडेल गळत होतं. आदल्या संध्याकाळी वडील वाटी घेऊन गाडीपाशी बसले होते, ते तेव्हा आठवलं. गाडी ढकलत, लंगडत घरी आलो. "आबा, तुमी ब्रेकला तेल घातलंत. मेलो असतो मी," मी ओरडलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पर करकरली काय रं?" हल्ली मुलाची स्कूटर दारात करकरत थांबली की मला बरं वाटतं. वडील असते तर एरंडेलाची बाटली शोधत उठले असते, आणि ती मी आधीच लपवून ठेवली असती.