तूरडाळीचं सैन्य

सदुसष्ट सालच्या जूनमध्ये पनवेलच्या आमच्या आळीत एक सेनापती राहत होते, सगळ्या आळीचे काका. एरवी ते निवृत्त सरकारी ओव्हरसियर. उभ्या नोकरीत त्यांनी चार मोऱ्या आणि एक भिंत बांधली, आणि ती भिंतही दुसऱ्या पावसाळ्यात बसली. पण इस्रायल आणि अरबांची लढाई जुंपल्याची बातमी सोमवारी रेडिओवर आली आणि काकांच्या अंगात वीरश्री संचारली. नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकातलं नकाशाचं पान त्यांनी टरकावलं, साडीच्या खोक्याच्या झाकणावर डकवलं आणि ओटीवरच्या टीपॉयवर मांडलं. तूरडाळ म्हणजे इस्रायलची फौज, मसूर म्हणजे अरबांची, रणगाड्यांसाठी मटकी. बातम्या संपल्या की काका चष्मा सावरून एकेक दाणा पुढे सरकवायचे आणि भोवती जमलेली दहा-पंधरा रिकामटेकडी माणसं वा वा करायची.

मला त्या माणसांची किळस आली होती. इतकी वर्षं उलटली तरी ती कमी झालेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्या तूरडाळीत माझा भाऊ होता. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पूर्वी आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणे. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. मुंबईत बरी कारकुनी करत होता, ती सोडून चार वर्षांपूर्वी तिकडे गेला. उत्तरेला, सीरियाच्या टेकड्यांच्या अगदी पायथ्याशी, एका वसाहतीत तो सफरचंदांच्या खोक्यांना खिळे मारत होता. त्याच्या खोलीत पेणचा एक मुलगा राहायचा, आमच्यातलाच. महिन्याला एक निळं हवाईपत्र यायचं आणि त्यात निम्मा मजकूर या पेणवाल्याचाच असायचा. पेणवाला आमटीत खोबरं नाही म्हणून कसा रुसतो, पेणवाल्याला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही, असलं सगळं. आई ती पत्रं उशाखाली ठेवायची.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे. सुट्टी अजून संपायची होती, त्यामुळे त्या आठवड्यात मला दिवसभर रेडिओपाशी बसण्यावाचून काम नव्हतं. मराठी बातम्या, हिंदी बातम्या, इंग्रजी बातम्या, मग विलायतेचं स्टेशन. काटा फिरवून फिरवून माझं बोट दुखायला लागलं. प्रत्येक ठिकाणी तेच चार शब्द वेगवेगळ्या क्रमानं सांगत. घास तोंडात घेतला की तो फिरायचा. आईचं वेगळंच. ती बातम्या ऐकायचीच नाही. रेडिओ लागला की मोरीत जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासायची. मी विचारलं तर म्हणाली, "तो माणूस माझ्या मुलाचं नाव घेणार आहे का? मग मी कशाला ऐकू?"

दारावर येणारी कोळीण तेवढी सरळ बोलली. धर्माप्रमाणे आम्ही खवल्याचीच मासळी खातो हे तिला ठाऊक, कोलंबीची पाटी ती आमच्या दारात उतरवायचीही नाही. बोयटं काढता काढता म्हणाली, "बाय, त्या लराईनं बोटी येनार नाय बोलतान. मंग आमच्या मानसाला गोदीन काम नाय भेटनार." तिला तिच्या नवऱ्याची काळजी होती आणि ती तिनं तोंडावर सांगितली. तिचा मला राग आला नाही.

आळीतल्या शहाण्यांचं तसं नव्हतं. मंगळवारी विमानं पाडल्याचे आकडे आले आणि आमच्या घरी रांग लागली. शेजारचे दुकानदार, आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर, कधी तोंड न दाखवणारे कोपऱ्यावरचे वकील, सगळे अभिनंदन करायला. "काय धुतलं हो तुमच्या लोकांनी!" म्हणजे जणू मीच वाळवंटात बंदूक घेऊन उभी होते. मास्तरांनी तर मला त्यांच्या समोर बसवून इस्रायलचा सगळा इतिहास सांगितला. माझाच, मला. चहा दोनदा प्यायले. जाताना म्हणाले, "अभिमान वाटला पाहिजे बाई तुम्हाला." मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

बुधवारी काका स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आले. जेरुसलेम पडलं होतं. आईच्या हातावर पेढा ठेवून म्हणाले, "मावशी, तोंड गोड करा. आता संपल्यातच जमा आहे." आईनं तो पेढा पदराच्या टोकात बांधला. खाल्ला नाही. काका गेल्यावर मी म्हटलं, "अगं, उत्तरेकडे तोफा चालूच आहेत म्हणतात." ती म्हणाली, "मग त्यांना सांगून काय होणार, त्यांच्या डाळीला कळणार आहे का?" माझी आई कधीमधीच तिखट बोलायची, पण बोलली की नेमकं.

गुरुवारी तिकडे इजिप्तनं लढाई थांबवायचं कबूल केलं. आणि त्याच दिवशी विलायतेत लीड्सला आपल्या संघाची कसोटी सुरू झाली. झालं. एका संध्याकाळीत आमची अख्खी आळी रणांगणावरून उठली आणि मैदानात जाऊन बसली. परवापर्यंत ज्यांना सिनाईच्या खिंडी तोंडपाठ होत्या, ते आता स्लिपमधल्या झेलांवर भांडत होते. आपण सडकून मार खात होतो, त्याचं सुतक मात्र त्यांच्या तोंडावर अस्सल होतं.

शुक्रवारी दिवेलागणीच्या जरा आधी मी रेडिओ लावला. सीरियाच्या सरहद्दीवर घनघोर लढाई सुरू झाल्याची बातमी होती. इस्रायलचं सैन्य टेकड्या चढत होतं, वरून तोफा खाली मारत होत्या. खाली म्हणजे जिथे माझा भाऊ खिळे मारत होता तिथे. बातमी दोन वाक्यांची होती, तिसरं वाक्य साखरेच्या वाटपाबद्दल. मी काटा फिरवायला हात पुढे केला, तेवढ्यात आईनं रेडिओवर क्रोशाचं झाकण टाकलं. शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली होती. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमच्या घरात चूल पेटत नसे आणि बटण दाबलं जात नसे.

मी काही मोठी धर्मनिष्ठ नव्हते. ट्रेनिंग कॉलेजात असताना शनिवारी सिनेमे पाहिलेले होते. मी म्हटलं, "आई, आजच्या दिवस लावू दे." ती म्हणाली, "हा शब्बाथ मी त्याच्या नावानं धरलाय. तू हात लावलास आणि तिकडे काही झालं, तर मी जन्मभर तुझ्या हाताकडे बघेन." मी हात मागे घेतला. आईचा विचार अडाणी होता, मला तो अडाणी वाटतही होता, आणि तरी त्या रात्री नि दुसऱ्या दिवशी मी त्या रेडिओच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईची अक्कल इतपतच असते.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मी कशीबशी काढली. मग मला वाटलं, आपण बटण दाबायचं नाही, पण दुसऱ्यानं दाबलेलं कानावर पडलं तर काय बिघडलं? मी काकांकडे गेले. ओटी भरलेली होती, रेडिओ जोरात लागलेला होता, पण त्यातून खरखरत येत होती ती विलायतेची कॉमेंट्री. टीपॉयवरचं झाकण कुणी तरी उलटं करून ठेवलं होतं आणि त्याच्या पाठीवर काका पेन्सिलीनं धावा मांडत होते. काकू आतून हात पुसत आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "ती डाळ मी परवाच निवडून धुऊन वरणाला लावली हो. अन्न आहे, टाकायचं कशाला?"

मी काकांना म्हटलं, "जरा बातम्या लावता का? दोनच मिनिटं."

"अहो बाई, जिंकलात की तुम्ही! आता काय राहिलंय?"

"सीरियाच्या बाजूला चालू आहे. माझा भाऊ तिथे आहे."

"ते किरकोळ. नुसतं मॉपिंग अप, उरल्यासुरल्यांची साफसफाई." हा शब्द त्यांनी असा उच्चारला की वाटावं, दर शनिवारी ते हेच करतात. मग माझा चेहरा पाहून त्यांना थोडी दया आली असावी. म्हणाले, "बरं, असं करू. विकेट पडली की लावतो. आता मध्येच काढलं तर लोक मला मारतील."

लोक हसले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. फॉलोऑन मिळाल्यावर आपले लोक दुसऱ्यांदा खेळायला आले होते आणि तीन दिवस मार खाल्ल्यावर नेमक्या त्या संध्याकाळी त्यांच्या अंगात बळ आलं होतं. एक जोडी जमली ती हलेनाच. चौकार गेला की मास्तर मांडीवर थाप मारत. मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच माणसांनी बाद व्हावं म्हणून प्रार्थना केली, तीही शब्बाथला. ती ऐकली गेली नाही. अर्धा-पाऊण तास मी तिथे उभी होते आणि ओटीवरच्या एकाही माणसाला मला बसा म्हणावंसं वाटलं नाही. शेवटी मी निघाले तेव्हा मागून काका म्हणाले, "थांबा हो, आता पडेल."

घरी आई अंगणात वर बघत उभी होती. ढग आलेले, तारे कसले दिसतात? पंचांगाप्रमाणे वेळ झाली होती, पण ती पंचांग मानायला तयार नव्हती. आणखी अर्धा तास थांबून तिनं स्वतःच झाकण काढलं आणि मला म्हणाली, "लाव." रेडिओवर टेकड्यांची नावं होती, रणगाड्यांचे आकडे होते. दोन्ही बाजू लढाई थांबवणार असं होतं. तो माणूस त्याचं नाव घेणार नाही हे आईचं म्हणणं खरं होतं.

पुढचे दहा दिवस पत्र नाही. शाळा सुरू झाली. मी वर्गात एका मुलीला जांभई दिली म्हणून छडी मारली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण असं झालं.

मग निळं पत्र आलं. पत्त्याचं अक्षर त्याचंच होतं. मी उभ्या उभ्या वाचलं. तो धडधाकट होता, खंदकात चार रात्री काढल्या होत्या, दाढी वाढली होती. त्याखाली लिहिलं होतं: पेणवाल्याला राखीव फौजेत बोलावलं होतं. शुक्रवारी टेकडी चढताना तो गेला. ताई, तू नि आई त्याच्या आईला भेटून या, मला तिला काय लिहावं ते सुचत नाही.

मी ती ओळ वाचली आणि मला आनंद झाला. दुःख नंतर आलं, पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी. आधी आला तो आनंद, दुसरा गेला, आपला राहिला, असा स्वच्छ, निर्लज्ज. ओटीवरच्या माणसांना मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. त्यांनी निदान डाळ सरकवताना कुणाच्या मरणाबद्दल देवाचे आभार मानले नव्हते.

पोस्टमन गेलेला पाहून काका आलेच. मी सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. पण एवढा मोठा विजय म्हटला की एखाद-दुसरा..." मी दार लावून घेतलं. त्यांच्या तोंडावरच लावलं. नंतर वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत, ते वर्ष बरं गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं पेणला गेलो. आईनं डब्यात भात आणि मासळी घेतली होती, सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. वाटेत ती एकच गोष्ट बोलली: "काय बोलायचं ते मला सांग, तू शिकलेली आहेस." मी तिच्या मांडीवरचा डबा माझ्याकडे घेतला. घर सापडायला वेळ लागला नाही, बाहेर चपला होत्या. सरकारी तार आमच्या पत्राआधीच पोचली होती. ती बाई आत चटईवर बसली होती, माझ्या आईएवढीच, जरा काळी, केस सुटलेले. कुणीतरी तिला वाकून आम्ही कोण ते सांगितलं: खोलीतल्या दुसऱ्या मुलाची आई आणि बहीण.

तिनं मान वर केली. आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या खोलीतून उठून पळून जावं असं मला वाटलं. आता ती विचारेल, तो कसा गेला, कुठे लागलं, तुमच्याला काहीच कसं नाही झालं.

"तुमचा बरा आहे ना?" तिनं विचारलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले. खूप हळू म्हणाले.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि सरकून तिनं चटईवर आईला जागा करून दिली.