धुतलेली बारव

परभणी स्टेशनवर मला न्यायला जीप येणार होती. ती आली नाही. तिच्याऐवजी खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक तरुण बाई धापा टाकत पुढं आली आणि म्हणाली, "मॅडम, मी सुनंदा. कॉलेजात शिकवते. जीप दुसऱ्या कामाला गेली म्हणून सरांनी मला फोन केला. एसटीनं गेलं तर चालेल ना तुमाला?"

चालणार नाही म्हणून सांगते कोणाला? पालमच्या अलीकडच्या एका गावातल्या महाविद्यालयात मी निघाले होते. नाव मुद्दामच सांगत नाही. पाण्यातल्या जिवांच्या अभ्यासाचं संशोधन केंद्र त्यांना हवं होतं आणि ते द्यावं की नाही हे ठरवणाऱ्या समितीत आम्ही तिघं होतो. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अशी आमंत्रणं येतात आणि फुशारकीपायी ती स्वीकारतेही.

बसस्थानकाबाहेरच्या गाड्यावर सुनंदानं मला सुशीला (चुरमुरे भिजवून केलेला तिखट नाश्ता) खाऊ घातली. दोन घासांत पुण्यापासूनची झोप उडाली. मग लाल गाडीत खिडकीची जागा मिळाली. थंडीचे दिवस होते. काळ्या रानात ज्वारी कमरेला लागली होती, कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. बाहेर बघावं की सुनंदाचं ऐकावं, असं मला झालं, कारण ती थांबतच नव्हती.

तिचे वडील चुडाव्याला रेल्वेत गँगमन होते. घरातली एम.एस्सी. झालेली ती पहिली. महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार, अशी शिकवत होती. आणि कॉलेजच्या मागच्या बारवेवर (पायऱ्यांची जुनी विहीर) तिचा जीव होता.

"उन्हाळ्यात पाणी तळाला जातं ना मॅडम, तवा त्यातले बारके जीव मरून जातात. पण त्यांची अंडी गाळात निजून राहतात. वाळली तरी मरत न्हाईत. पाऊस पडला की पुन्हा उठतात. कोण आधी उठतं, कोण मागून, हेच मी बघायलेय. लय मजा हाय."

"पीएच.डी.ला का नाही नोंदवत?"

"कुठं नोंदवू? सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, पोरगी लहान हाय. घर सोडून दुसरीकडं राहता येत न्हाई. इथं केंद्र झालं तरच जमतंय. म्हणून तर तुमची वाट बघायलो आमी सगळे." मग हळूच म्हणाली, "हप्ताभर परीक्षेच्या ड्युटीवर परभणीला बहिणीकडं होते. बारवेकडं जायलाच झालं न्हाई. आज तुमाला दाखवते. हिरवंगार पाणी हाय."

महाविद्यालयाच्या दारात रांगोळी आणि आमच्या नावांचा फलक होता. प्राचार्य हसतमुख गृहस्थ, विषय वाणिज्य. समितीचे अध्यक्ष आणि दुसरे सदस्य आधीच पोहोचले होते. लगेच सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, हार, मग प्राचार्यांचं भाषण, मग संस्थेच्या एका पुढाऱ्याचं त्याहून लांब भाषण. ज्या विषयाचं केंद्र, तो विषय शिकवणारी सुनंदा मंचावर नव्हती. ती नारळाचं तबक धरून कडेला उभी होती. माझा पारा तिथूनच चढायला लागला.

"चला, आता आमची बारव," प्राचार्य उत्साहानं म्हणाले.

मागच्या बाजूला गेलो आणि नाकात ब्लीचिंग पावडरचा वास भरला. पायऱ्यांना चुना मारला होता, कडेनं निळा पट्टा ओढला होता. भिंतीतल्या देवकोष्ठांत प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा होत्या. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसत होते. त्यात हालत काहीच नव्हतं.

"कशी झाली बघा!" प्राचार्य म्हणाले. "पाणीवाली समिती येणार म्हणल्यावर पाणी घाण ठेवून कसं चालंल? पंप लावला, गाळ उपसला, मग पावडर टाकली. कमी पडली म्हणून सकाळी जीप पाठवून आणखी आणली. आता एक किडा दिसायचा न्हाई!"

मी सुनंदाकडं पाहिलं. तबक अजून तिच्या हातातच होतं. तिनं ते सावकाश पायरीवर ठेवलं, खाली उतरून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि सोडून दिलं.

मला राहवलं नाही. "अहो, हे किडे म्हणजेच केंद्र होतं! तुम्ही प्रयोगशाळाच धुऊन काढलीत!" प्राचार्यांना खरोखर कळेना. पाहुणे येणार म्हणून घर स्वच्छ करावं, तेवढ्याच मायेनं त्यांनी हे केलं होतं. त्या निरागसपणाचा मला जास्त संताप आला. बारवेत काय आहे हे सुनंदाला एकदा विचारावं, असं त्या अख्ख्या इमारतीत कोणालाही वाटलं नव्हतं.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. केंद्रप्रमुख म्हणून तूर्तास प्राचार्यच राहतील, असं अध्यक्षांनी सांगितलं. "सुनंदाबाई कायम नाहीत ना," ते म्हणाले, "आणि प्राचार्यांची भावना चांगली होती, मॅडम."

"भावनेनं दातदुखीही जात नाही," मी म्हटलं. "पाण्यातला प्राणी ज्याला किडा वाटतो, तो या केंद्राचा प्रमुख? माझा नकार लिहून घ्या." आणि तरातरा बाहेर आले.

व्हरांड्यात सुनंदा उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, तुमी न्हाई म्हणलात तर सरांचं काही जात न्हाई. माजं जातं."

इतकी वर्षं तत्त्वाला धरून भांडण्याचा मला अभिमान. पण इथं माझ्या तत्त्वाची किंमत ती भरणार होती. मी आत गेले. केंद्राला होकार दिला आणि प्रमुखाच्या नेमणुकीला विरोध स्वतःच्या अक्षरात लिहिला. अध्यक्ष म्हणाले, तेवढं वगळा. मी वगळलं नाही.

बाहेर आले तेव्हा सुनंदा जीपच्या ड्रायव्हरला विचारत होती, "गाळ कुठं टाकला, दादा?"

गाळ शेजारच्या आबांच्या रानात गेला होता. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या त्या रानात काळी ढेकळं वाळत पडली होती. सुनंदा पळतच सुटली आणि गुडघ्यांवर बसून ढेकळं पिशवीत भरू लागली. पावडर पडण्याआधी निघालेला गाळ होता तो. निजलेली अंडी त्यात असणारच. तिची पिशवी भरली, तेव्हा मी सत्काराची शाल पसरली.

बांधावर बसलेले आबा बघत होते. "न्या की बाई, गाळाला कोण न्हाई म्हणतंय? पर चांगली शाल खामखा खराब करायलाव."

"खराब कसली आबा, आजच कामाला आली," मी म्हटलं. सुनंदा दिवसभरात पहिल्यांदा हसली.

परतीच्या गाडीत ते गाठोडं मी मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईंनी प्रसाद आहे का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

घरी काचेच्या बरणीत गाळ घातला, वर पाणी घातलं आणि खिडकीत ठेवला. रोज डोकावायचे, काही नाही. मग एका सकाळी उन्हात पाण्यातला एक ठिपका टुणकन वर उडाला, त्याच्यामागं दुसरा. मी एकटीच घरात ओरडले. सुनंदाला फोन लावला.

"जय भीम मॅडम! माज्याकडचे तर कालच उठले!" ती म्हणाली. केंद्राला मान्यता मिळाली होती. प्रमुख प्राचार्यच. ती पहिली विद्यार्थिनी, पगार अजून तासावरच. पावडरचा वास गेल्यावर उरलेला गाळ तिनं पुन्हा बारवेत सोडला होता.

"आणि सरांनी तिथं पाटी लावली, मॅडम. 'संशोधन क्षेत्र, स्वच्छता राखा'."

"मग?"

"उपटून ठिवलीय. कुणी विचारलं तर सांगणार हाय, आबांच्या बैलानं पाडली."

त्या बैलाची चौकशी झालीच, तर त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला मी पुन्हा एसटीनं पालमच्या वाटेला लागायला तयार आहे.