दोन मोरक्यांच्या मध्ये

आमच्या घणसोली गावात जनावर विकताना मोरकी देत नाहीत. विकणाऱ्याने तोंडावरची दोरी काढून घरी आणायची, घेणाऱ्याने स्वतःची चढवायची. दोरीबरोबर घरातली बरकत जाते, असं मानतात.

बाबांची घोडी वरातीची. ढोल, फटाके, अंगाशी येऊन नाचणारी माणसं, तिला कशाचंच काही वाटायचं नाही. पण शेजारी टॉवर आला, तिला बांधायची जागा गेली. घेणारा पनवेलकडचा, तोही वराती करणारा. तिथे ती नीट राहील, एवढंच बाबांना हवं होतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. घोडा देताघेताना काय सांभाळायचं, ते मी फोनवर वाचलं होतं. बंद आवारात द्यावा, नवी मोरकी चढल्याशिवाय जुनी काढू नये. पण टेम्पो गल्लीत शिरेना, म्हणून घोडी मोठ्या रस्त्यावर न्यावी लागली. तिथे मी बाबांना हळूच म्हटलं, "आधी त्यांची चढवू द्या ना."

घेणारा हसला. "काका, पोरगी शिकलीय तुमची. एका तोंडाला दोन मालक सांगते."

बाबांनी मोरकी काढली. नवी आखूड होती, कानांमागे जाईना. तो गाठ सैल करत होता, तेवढ्यात बंदराकडे निघालेल्या ट्रेलरने ब्रेकची हवा सोडली. फटाक्यांना न घाबरणारी घोडी त्या आवाजाला बिचकली. बाबांनी आयाळ धरली, पण ती हातातून सुटली. मागच्या ट्रेलरने तिला उडवलं.

पुढचे दोन्ही पाय मोडले होते. गुरांचे डॉक्टर आले, म्हणाले की ही आता उठणार नाही, इंजेक्शन द्यायचं तर मालकाचा होकार हवा. मग विचारलं, घोडी कोणाची?

"माझी मोरकी चढलीच नव्हती," घेणारा म्हणाला.

बाबांच्या लेखी ती देऊन झाली होती. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि ती मान उचलून उठायची धडपड करत राहिली.

शेवटी बाबा रस्त्यावर बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"माजीच हाय," ते म्हणाले. "द्या इंजेक्शन."

डॉक्टरांनी मान घट्ट धरायला सांगितली. बाबांनी धरली. मी तिच्या डोळ्यांवर ओढणी टाकली. ती शांत व्हायला मला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला.